जोशांदा कुणाचा, काढा कुणाचा?

थंडीची चाहूल लागली की माझ्या मोबाइलवर दोन प्रकारचे मेसेज यायला लागतात. पहिल्यात कलौंजीच्या तेलाची बाटली, मधाची बरणी आणि वर हिरव्या अक्षरांत ‘इस्लामी इलाज’. दुसऱ्यात तुळस, आलं, दालचिनी, मनुका आणि खाली ‘आपल्या ऋषीमुनींचा काढा, परकी औषधं सोडा’. दोन्हीकडचे पाठवणारे माझ्या ओळखीचे आहेत. एक जण शुक्रवारी माझ्या शेजारी सफमध्ये उभा असतो, दुसऱ्यासोबत मी कॉलेजात एका बाकावर बसलोय. दोघांना पडसं झालं की दोघांचीही नाकं सारखीच गळतात, हा भाग वेगळा.

मी हकीम नाही आणि वैद्यही नाही. पण इतिहास वाचणाऱ्या माणसाला असे मेसेज पुढे ढकलून गप्प बसता येत नाही. सर्दीसारखा क्षुल्लक आजार आणि त्यावरचे घरगुती उपाय, यांचा इतिहास आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार गुंतागुंतीचा आहे. मालकी हक्काचे दावे करणाऱ्या दोन्ही मंडळींनी तो एकदा उलगडून पाहायला हवा.

आधी शब्दच बघू. आपण मराठीत ‘सर्दी झाली’ म्हणतो. हा शब्द फारसी, ‘सर्द’ म्हणजे थंड यावरून आलेला. ‘पडसं’ हा मात्र संस्कृत ‘प्रतिश्याय’चा झिजून तयार झालेला मराठी अवतार. सर्दी-पडसं असा जोडशब्द आपण सहज वापरतो, तेव्हा फारसी आणि संस्कृत एकाच रुमालात बांधलेले असतात. ‘तब्येत’ अरबी, ‘इलाज’ अरबी, ‘दवा’ अरबी, ‘अर्क’ अरबी. ‘मलम’ हे अरबी ‘मरहम’. सगळ्यात गंमत ‘जुलाब’ची. फारसीत गुल म्हणजे गुलाबाचं फूल आणि आब म्हणजे पाणी. गुलाबपाण्याचं अरबीत ‘जुल्लाब’ झालं, ते हकिमांच्या नुस्ख्यांतून हिंडत हिंडत आपल्याकडे आलं आणि मराठीत त्याचा अर्थ काय उरला ते सांगायला नको.

हकीम मंडळी सर्दीसाठी दोन शब्द वापरतात, जुकाम आणि नजला. दोन्ही अरबी. घरात आपण ते एकाच अर्थाने घेतो, पण जुन्या तिब्बी ग्रंथांत फरक आहे. डोक्यातून उतरलेला ओलावा नाकावाटे वाहिला तर तो जुकाम, घशात आणि छातीकडे उतरला तर नजला. अरबीत ‘नजल’ म्हणजे खाली उतरणं. हा शब्द काही अरबांच्या डोक्यातून आलेला नाही. ग्रीक वैद्य सर्दीला ‘कटार्‍हूस’ म्हणत. त्याचाही अर्थ खाली वाहणं असाच. हिप्पोक्रेटिस आणि त्याच्यानंतर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला गॅलेन, दोघांच्या परंपरेत समजूत अशी की मेंदू थंड-ओलसर असतो, त्यात कफ साचतो आणि तो कवटीच्या तळातून नाकात झिरपतो. बगदादमध्ये नवव्या शतकात हे ग्रंथ अरबीत आले. त्यांचं सर्वांत मोठं काम ज्याने केलं तो हुनैन इब्न इसहाक धर्माने ख्रिस्ती होता. गॅलेनला अरबीत बोलतं करण्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा आहे.

म्हणून या वैद्यकाचं नाव ‘युनानी’. युनान म्हणजे ग्रीस, मूळ शब्द आयोनिया. आमच्याकडचे लोक ज्याला अभिमानाने ‘मुसलमानांची वैद्यकी’ म्हणतात आणि समोरचे ज्याला हिणवून तेच म्हणतात, त्या वैद्यकीने स्वतःच्या नावातच कबुली देऊन ठेवली आहे की मी ग्रीकांकडून आले. एवढा प्रामाणिकपणा फार थोड्या विद्यांच्या नावात सापडतो.

अर्थात हकिमांनी फक्त भाषांतर केलं नाही. रय शहरचा अबू बक्र अल-राझी (मृत्यू सुमारे 925) हा देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार म्हणून वेगळे मांडणाऱ्या ग्रंथासाठी ओळखला जातो. त्याचीच एक छोटी पुस्तिका आहे. विद्वान अबू झैद अल-बल्खी याला दर वसंतात, गुलाब फुलले आणि त्याने वास घेतला की पडसं का होतं, असा तिचा विषय. राझीने पाहिलं की हे पडसं थंडीचं नाही, ते ठरावीक मोसमात, ठरावीक फुलाच्या वासाने, ठरावीक माणसाला होतं. आज आपण ज्याला ॲलर्जीची सर्दी म्हणतो तिच्या अगदी सुरुवातीच्या वर्णनांत वैद्यकाचे इतिहासकार या पुस्तिकेची गणना करतात. कारण त्याला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. पण सगळी सर्दी एक नसते, हे त्याने हजार वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

राझीनंतर शतकभराने इब्न सीना (980–1037). त्याच्या ‘अल-कानून फित्तिब’चे पाच भाग. दुसऱ्यात एकेका वनस्पतीचे-खनिजाचे गुणधर्म, तिसऱ्यात डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचे रोग. जुकाम आणि नजल्याची चर्चा या तिसऱ्या भागात येते. सर्दी गरम मिजाजाची की थंड, स्राव पातळ की दाट, यावर इलाज ठरतो. पातळ, झोंबणारा स्राव असेल तर त्याला शांत करायचं. दाट चिकट कफ असेल तर त्याला आधी पिकवायचं, मग बाहेर काढायचं. या पिकवण्याला तिब्बी भाषेत ‘नुज्ज’ म्हणतात. आणि आपल्या आज्या काय म्हणतात? ‘सर्दी पिकली की जाईल.’ आयुर्वेदातही पक्व प्रतिश्याय आहेच. दोन परंपरा, दोन भाषा, आणि नाकातल्या शेंबडाकडे बघून काढलेला निष्कर्ष तोच.

आता कलौंजीकडे येतो, कारण सर्वांत जास्त मेसेज तिचेच असतात. काळ्या दाण्यात मृत्यूखेरीज प्रत्येक आजारावर शिफा आहे, या आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ती नाकारण्याचा प्रश्नच नाही. पण मेसेज पाठवणारे हदीसभोवतीचा प्रसंग सांगत नाहीत, आणि तो फार बोलका आहे. बुखारीत येतं की गालिब बिन अबजर नावाचे गृहस्थ प्रवासात आजारी पडले. मदिनेला पोचले तरी बरे नव्हते. इब्न अबी अतीक त्यांना बघायला आले आणि म्हणाले, पाच किंवा सात काळे दाणे घ्या, कुटा, तेलात मिसळा आणि दोन्ही नाकपुड्यांत थेंब थेंब सोडा. मग त्यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून ऐकलेली हदीस सांगितली.

चौदाव्या-पंधराव्या शतकातले मोठे हदीसतज्ज्ञ इब्न हजर अस्कलानी यांनी बुखारीवरच्या आपल्या भाष्यात या प्रसंगावर थांबून विचार केला आहे. ते म्हणतात की वैद्यांच्या मते भरपूर शिंका येणाऱ्या जुकामावर कलौंजी भाजून, बारीक कुटून, तेलात भिजवून तिचे तीन थेंब नाकात घालतात, तेव्हा कदाचित गालिबना जुकामच झाला असावा आणि म्हणून हा उपाय सांगितला गेला असावा. बघा, इतका मोठा आलिम हदीस समजून घेण्यासाठी वैद्यांना विचारतो. ‘प्रत्येक आजार’ याचा अर्थ सरसकट घ्यायचा की थंड-ओल्या मिजाजाचे आजार असा घ्यायचा, यावर जुन्या भाष्यकारांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. आपण ते सगळं गाळून फक्त बाटलीचा फोटो ठेवला.

इब्न खल्दूनने तर 1377 मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त याहून स्पष्ट भूमिका घेतली. त्याच्या मते हदीसमध्ये येणारं वैद्यक हे अरबांच्या अनुभवातून आलेलं, रूढीतलं वैद्यक आहे. प्रेषित (स.) शरियत शिकवायला आले होते, वैद्यक शिकवायला नव्हे. खजुराच्या परागीभवनाचा प्रसंग तो पुरावा म्हणून देतो. श्रद्धेने, बरकतीच्या भावनेने कुणी ते उपाय केले तर लाभ होऊ शकेल, एवढी जागा तो ठेवतो. सर्वांना हे मान्य होईल असं नाही, तेव्हाही नव्हतं. पण ही चर्चा इस्लामी परंपरेच्या आत सहाशे वर्षांपूर्वी झालेली आहे, कुण्या आजकालच्या ‘सुधारकाने’ काढलेली नाही.

हदीसमधल्या सर्दीची आणखी एक आठवण सांगण्यासारखी आहे. प्रेषितांसमोर एक जण शिंकला, त्यांनी त्याला दुआ दिली. तो पुन्हा शिंकला, तेव्हा त्यांनी म्हटलं की याला जुकाम झालाय. ‘सहीह मुस्लिम’मध्ये हा प्रसंग आहे. दर शिंकेला दुआ देत बसायचं की हा आता आजारी आहे असं समजायचं, हा साधा व्यवहार त्यात दिसतो. मला ही हदीस फार आवडते.

आता उलट दिशेचा प्रवास. कुराणातल्या सूरह अद्-दह्‌र (अल-इन्सान) मध्ये जन्नतवासीयांना मिळणाऱ्या पेयात ‘जंजबील’ मिसळलेलं असेल असा उल्लेख येतो. जंजबील म्हणजे सुंठ, आलं. हा शब्द मुळात भारतातला. संस्कृतात ‘शृंगवेर’, तो प्राकृतातून पहलवी भाषेत गेला, तिथून अरबीत जंजबील झाला. आल्याची भारतातून पश्चिमेला जाणारी व्यापारी वाट या एका शब्दात गोठून राहिली आहे. नजल्यावर हकीम मंडळी ‘इत्रीफल उस्तुखुद्दूस’ नावाचं चाटण देतात. इत्रीफल म्हणजे दुसरं तिसरं काही नसून त्रिफळा. हिरडा, बेहडा, आवळा हे त्रिकूट बगदादला पोचलं आणि जाताना आपलं नावही घेऊन गेलं. ‘उस्तुखुद्दूस’ हे ग्रीक नाव, लॅव्हेंडरच्या कुळातल्या एका झुडपाचं. एका बरणीवर संस्कृत आणि ग्रीक शेजारी शेजारी, आणि बरणी हकिमाच्या फडताळात.

हे अपघाताने घडलेलं नाही. खलिफा हारून अल-रशीद (786–809) याच्या काळात मंका नावाचा भारतीय वैद्य बगदादमध्ये होता आणि सुश्रुताचा ग्रंथ त्याने अरबीत आणायला मदत केली, अशी नोंद दहाव्या शतकातल्या इब्न नदीमच्या ‘फिहरिस्त’मध्ये आहे. बर्मकी वजिरांच्या इस्पितळाचा प्रमुखही एक भारतीय वैद्य होता. अली इब्न रब्बन तबरी याने 850 च्या सुमारास लिहिलेल्या ‘फिरदौसुल हिकमत’मध्ये ग्रीक वैद्यकाच्या जोडीला भारतीय वैद्यकावर स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे युनानी भारतात यायच्या कितीतरी आधी भारत युनानीत जाऊन बसला होता.

मग ही वैद्यकी दख्खनेत आली आणि इथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध सुरू होतो. 1534 मध्ये गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज डॉक्टर गोव्यात उतरला. त्याचं घराणं सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंचं. अहमदनगरच्या बुर्‍हान निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती, तो सुलतानावर उपचारही करी. 1563 मध्ये गोव्यात त्याने भारतातल्या औषधांवर संवादरूपात ग्रंथ छापला. त्यात आल्यावर प्रकरण आहे, मिऱ्यांवर आहे, त्रिफळ्यातल्या फळांवर आहे. तो लिहितो की निजामशहा त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवी आणि तो निजामशहाला लॅटिन नावं. अहमदनगरच्या महालात एक सुलतान आणि एक लपलेला ज्यू औषधांची नावं घोकत बसलेत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ऑर्ता वारल्यावर गोव्याच्या इन्क्विझिशनने 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. निजामशहाच्या दरबारात मात्र त्याचा धर्म कुणी तपासला नव्हता.

दुसरं नाव मुहम्मद कासिम फरिश्ता याचं. आपण त्याला इतिहासकार म्हणून ओळखतो, दख्खनच्या सुलतानांवर लिहायचं तर त्याच्याशिवाय पान हलत नाही. पण अहमदनगरात वाढलेला आणि नंतर विजापूरला गेलेला हा माणूस वैद्यकही जाणत होता. ‘दस्तूरुल अतिब्बा’ हा त्याचा फारसी ग्रंथ भारतीय वैद्यकावर, भारतीय औषधांवर आहे. याच्याही आधी 1512 मध्ये सिकंदर लोदीच्या वजिराने संस्कृत ग्रंथांच्या आधारे ‘मादनुश्शिफा-ए-सिकंदरशाही’ हा प्रचंड फारसी ग्रंथ रचला होता. इराण-तूरानात पिकणारी औषधं इथे मिळत नाहीत, इथल्या हवेत इथल्या माणसाला इथलीच वनस्पती मानवते, ही त्यामागची व्यवहारी गरज.

आता खुद्द जोशांद्याकडे वळू. ‘जोशीदन’ म्हणजे फारसीत उकळणं, त्यावरून जोशांदा. नुसतं भिजत घातलं तर खेसांदा. संस्कृत ‘क्वाथ’ म्हणजेही उकळलेलं, त्यावरून मराठी काढा. म्हणजे ‘जोशांदा की काढा’ हे भांडण ‘उकळलेलं की उकळलेलं’ असं आहे.

जोशांद्याची पुडी उघडली तर काय दिसतं? वाळलेले लाल उन्नाब, आपल्या बोराचा सख्खा भाऊ. बिहीच्या फळाच्या बिया, म्हणजे बिहीदाना; मराठी काष्ठौषधींच्या दुकानांत त्याला मोगलाई बेदाणा म्हणतात. पाण्यात टाकला की बुळबुळीत होतो आणि घशाला लेप बसतो. खत्मी आणि खुब्बाजी, याही बुळबुळीत बिया. काश्मीरकडची जांभळी गुले-बनफ्शा. मुलेठी म्हणजे ज्येष्ठमध. गावजुबान, शब्दशः गायीची जीभ, पानाच्या खरबरीतपणावरून. कधी हंसराज, कधी जुफा. आणि सपिस्तां. या नावाचा मूळ फारसी अर्थ ‘कुत्रीचं स्तन’. फळाचा आकार बघितला की पटतं, पण आजाऱ्याला सांगू नये. भारीभक्कम फारसी नावाने पुडीत शिरलेलं हे फळ म्हणजे आपलं भोकर! ज्याचं लोणचं मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात उन्हाळ्यात घरोघरी पडतं, चिकट गराने ज्याच्या बिया काढताना हात बरबटतात, तेच. तो चिकट गरच औषध म्हणून वापरला जातो.

आमच्या घरी अम्मी ही पुडी रात्री तांब्याभर पाण्यात भिजत टाकायची, सकाळी अर्धं होईपर्यंत उकळायची आणि खडीसाखर घालून गरम गरम द्यायची. पण त्या जोडीला ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकणं, सुंठीचा लेप, गवती चहा, रात्री हळद-दूध आणि चादरीखाली वाफारा हेही असायचं. वाफाऱ्याला तिब्बी भाषेत ‘इन्किबाब’ म्हणतात, हे मला पुस्तकातून कळलं. अम्मी वाफाराच म्हणायची. ईदनंतरच्या दिवसांत सर्दी झाली तर यखनी. कोंबडीचं पातळ सूप सर्दीवर देण्याची शिफारस जिच्यात सापडते अशी जुनी प्रसिद्ध पुस्तिका मूसा इब्न मैमूनची, म्हणजे ज्यूंच्या महान धर्मपंडित मायमोनिडीसची. बाराव्या शतकाच्या अखेरीस कैरोत सुलतान सलाहुद्दीनच्या घराण्याचा हा वैद्य दम्यावर अरबीत लिहीत होता. त्याच्या रुग्णाचा दमा दर खेपेला नजल्यापासून सुरू व्हायचा.

इंग्रजी राज्यात चित्र पालटलं. 1912 चा मुंबई इलाख्यातला वैद्यकीय नोंदणी कायदा आला आणि नोंदणीच्या यादीत वैद्यांना जागा नव्हती, हकिमांनाही नव्हती. त्याच सुमारास दिल्लीत हकीम अजमल खान दोघांना एका परिषदेत एकत्र आणत होते. त्यांच्या कॉलेजचं नावच आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज. 1916 मध्ये पायाभरणी व्हाइसरॉय हार्डिंगच्या हातून आणि 1921 मध्ये उद्घाटन गांधीजींच्या हातून. याच अजमल खानांनी काँग्रेस, मुस्लिम लीग आणि खिलाफत या तिन्हींचं अध्यक्षपद भूषवलं. आज ‘आयुर्वेद त्यांचा, युनानी यांचं’ अशी वाटणी करणाऱ्यांना एवढं एक नाव पुरे.

1906 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या हमदर्दने जोशांद्याला बाटलीत आणि गोळीत आणलं. त्यांच्या खोकल्याच्या ‘सुआलीन’ गोळीचं नाव अरबी ‘सुआल’ म्हणजे खोकला यावरून. फाळणीत घर दुभंगलं, एक भाऊ दिल्लीत राहिला, दुसरा कराचीला गेला. पुढे झटपट विरघळणारा जोशांदाही आला. कपात पूड, वर गरम पाणी.

ही झाली उपायांची गोष्ट. रोगाचं कारण मात्र वेगळ्याच वाटेने सापडलं. 1660 च्या सुमारास विटेनबर्गच्या कोनराड श्नायडरने दाखवून दिलं की मेंदूतून नाकात कफ उतरायला वाटच नाही, शेंबूड नाकाच्या आतल्या त्वचेतच तयार होतो. दीड-दोन हजार वर्षांचा ‘नजला’ शब्द तिथे अर्थाने संपला, वापरात मात्र राहिला. 1914 मध्ये लायप्झिगच्या वाल्टर क्रूझने सर्दी झालेल्या माणसाचा स्राव जंतू अडवणाऱ्या गाळणीतून गाळून निरोगी माणसांच्या नाकात घातला आणि त्यातल्या काहींना सर्दी झाली. म्हणजे जंतूहून बारीक काहीतरी आहे. 1950 च्या दशकात ऱ्हायनोव्हायरस हाती लागला. त्याचे आज दीडशेहून जास्त प्रकार माहीत आहेत आणि सर्दी करणारे इतर विषाणू वेगळेच. एकदा झालेली सर्दी पुन्हा का होते आणि तिची लस का नाही, याचं उत्तर बरंचसं या संख्येत आहे.

इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळ 1946 पासून चार दशकांहून अधिक काळ फक्त सर्दीवर संशोधन करणारं केंद्र चाललं. तिथे स्वयंसेवकांना आंघोळ घालून ओल्या अंगाने वाऱ्यात उभं केलं गेलं, ओले मोजे घालून ठेवलं गेलं. त्याने सर्दी वाढली असं दिसलं नाही. पुढे 2005 मध्ये कार्डिफच्या एका प्रयोगात पाय थंड पाण्यात ठेवलेल्यांनी काही दिवसांत सर्दीची तक्रार जास्त केली. तेव्हा ‘डोकं पुसून घे’ म्हणणाऱ्या आयांचा खटला अजून निकाली निघालेला नाही.

मग काढा-जोशांदा काय करतो? विषाणू मारत नाही. सर्दी सात ते दहा दिवसांत आपोआप जाते, काढा प्यायलात तरी आणि नाही प्यायलात तरी. पण कार्डिफलाच 2008 मध्ये 30 सर्दीबाधितांवर केलेल्या प्रयोगात फळांचं सरबत गरम दिलं तेव्हा नाकातली हवेची वाट मोजमापात मोकळी झाली नाही, तरी शिंका, खोकला, घसादुखी, हुडहुडी आणि थकवा यांत लगेच आराम वाटला. साध्या तापमानाच्या सरबताने एवढा वाटला नाही. मुलांच्या खोकल्यावर मधाचा उपयोग होतो, असा कॉक्रेनच्या 2018 च्या आढाव्याचा कल आहे. मात्र एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये, त्यातून बॉट्युलिझम नावाचा जीवघेणा विषार होऊ शकतो. आपल्याकडे नवजात बाळाच्या टाळूला मध लावण्याची रीत आहे. ‘तहनीक’ची सुन्नत खजुराची आहे, हे इथे लक्षात घ्यावं. वाफाऱ्याच्या पातेल्याने मुलं भाजतात. ज्येष्ठमध रोज घेतला तर रक्तदाब वाढतो. ‘नैसर्गिक आहे, नुकसान काय’ हे वाक्य ऐकलं की मला 2020 च्या अखेरचे मुंबईचे सहा रुग्ण आठवतात. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या त्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती.

2020 वर थोडं लिहायलाच हवं. त्या वर्षी आयुष मंत्रालयाने युनानी सल्ला दिला: बिहीदाना 3 ग्रॅम, उन्नाब 5, सपिस्तां 9, लिटरभर पाण्यात अर्धं होईपर्यंत उकळा. मार्चअखेर काढ्याचा सल्ला आला: तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका. ‘दालचिनी’ फारसीतली, चीनचं लाकूड या अर्थाची. ‘मनुका’ अरबी ‘मुनक्का’, म्हणजे निवडून साफ केलेला. ऋषीमुनींच्या काढ्यात दोन परदेशी नावं आणि कुराणातल्या पेयात एक भारतीय. दोन्ही मेसेजवाल्यांना मी हे पाठवलं होतं. एकाने अंगठा दाखवला, दुसऱ्याने काहीच नाही.

त्याच उन्हाळ्यात मालेगावात मोहम्मदिया तिब्बिया कॉलेजचा ‘मन्सुरा काढा’ राज्यभर गाजला. लक्षात घ्या, नाव काढा, बनवणारे हकीम. ज्या शहराचं नाव तेव्हा वर्तमानपत्रांत भीतीने छापलं जात होतं, तिथून हिंदू-मुसलमान सगळे पुड्या मागवत होते. मालेगावातली साथ त्या काढ्याने ओसरली असं मी म्हणणार नाही, तसं सिद्ध झालेलं नाही. पण शहराची मान थोडी वर झाली, हे मी पाहिलंय.

याची दुसरी बाजूही पाहिली. तबलिगी जमातच्या निमित्ताने जो विखार पसरला होता, त्यात आमच्या मोहल्ल्यात इस्पितळाचं नाव काढायला लोक घाबरत. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगींवरचे गुन्हे रद्द करून त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं म्हटलं, ते ऑगस्टमध्ये. तोवर जे व्हायचं ते झालं होतं. आमच्या नात्यातल्या एका बुजुर्गांना ताप-खोकला सुरू झाला. सहा दिवस जोशांदा, कलौंजीचं तेल, वाफारा. ‘साधी सर्दी आहे, नेलं तर बॉडीपण मिळणार नाही,’ असं घरचे म्हणत राहिले. सातव्या दिवशी ओठ निळे पडल्यावर नेलं. ते परत आले नाहीत. त्यात जोशांद्याचा दोष नव्हता. तो सर्दीसाठी होता आणि त्यांना सर्दी नव्हती. राझीने बल्खीच्या बाबतीत जो प्रश्न विचारला होता, हे पडसं नक्की कसलं, तो त्या घरात सहा दिवस कुणी विचारला नाही.

हकीमही हेच शिकतात, पुण्या-मुंबईच्या युनानी कॉलेजांतून बाहेर पडलेल्या मुला-मुलींना विचारून बघा. धाप लागणं, छातीत कळ, तीन-चार दिवसांत न उतरणारा ताप, बाळाने दूध सोडणं, बरगड्या आत ओढत श्वास घेणं, यांतलं काही दिसलं की पुडी बाजूला ठेवून डॉक्टरकडे न्यायचं. बाकीच्या सर्दीला चालतंय. अत्ताराच्या दुकानात गेल्या आठवड्यात उन्नाब घेतले. माझ्यापुढे एक काकू तुळशीची मंजिरी आणि सुंठ घेत होत्या. ज्येष्ठमध मात्र त्यांनी आणि मी एकाच खणातून घेतला, त्यांनी शंभर ग्रॅम, मी पन्नास.